छातीएवढं पाणी

स्पार्टाच्या ताफ्याने अथेन्सचं जहाज दोराला बांधून ओढायला सुरुवात केली, तेव्हा दामिस नाउपाक्तोस बंदराबाहेरच्या वाळूत चिलखत घालून उभा होता. जहाजावरचे वल्हेकरी पाण्यात उड्या टाकून किनाऱ्याला लागत होते. एकजण त्याच्या पायाशीच येऊन पडला.

"संपलं, काका. जहाज गेलं. जीव वाचला हेच पुष्कळ."

"तू जाशील अथेन्सला," दामिस म्हणाला. "हे बंदर पडलं तर आम्हाला परत स्पार्टाच्या शेतांवर जुंपतील."

तो मेसेनियाचा, स्पार्टाने गुलाम करून शेतांवर राबवलेल्या मुलखातला. नाउपाक्तोसमधल्या निम्म्या घरांतली म्हातारी माणसं त्या शेतांवरूनच सुटून आलेली.

दामिस पाण्यात शिरला. मागून शेजारच्या थेओक्लोसने हाक मारली, "अरे, चिलखत तरी उतरव. तुला पोहता येत नाही."

"तुला येतं?"

"नाही."

"मग चल. येत असतं तर आपणही या वल्हेकऱ्यांसारखे एव्हाना पळालो असतो."

भाला उलटा धरून, तळ चाचपत दामिस पुढे निघाला. डोंगरातला माणूस पुरातला ओढा ओलांडतो तसा. पाणी कमरेला आलं, मग छातीला. काशाचं चिलखत त्याला खाली ओढत होतं. मागे थेओक्लोस शिव्या देत येत होता आणि त्याच्या मागे आणखी तीसेक जण. दामिसच्या हनुवटीला पाणी लागलं तेव्हा त्याचा हात जहाजाच्या कुशीतल्या वल्ह्याच्या भोकात अडकला. थेओक्लोसने खालून खांदा दिला.

वर शत्रूचे चार पहारेकरी होते. समुद्रातून चिलखतं घातलेली माणसं चढून येतील असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दोघे पडले, दोघांनी उड्या टाकल्या.

"दोर कुठे आहे, दोर?" दामिस ओरडला आणि फळ्यांवर पडलेली कुऱ्हाड उचलून धावला.

पुढच्या जहाजाच्या टोकावर एक स्पार्टन अधिकारी उभा होता. त्याने कान टवकारले.

"बोली तर आमचीच दिसते," तो शांतपणे म्हणाला. "कुणाच्या शेतावरचा रे तू?"

सुटून तीस वर्षं झाली होती. तरी दामिसची मान आपसूक खाली गेली, मालकाचं नाव जिभेवर आलं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला दोर तुटला. दोन जहाजांमधलं पाणी रुंदावत गेलं.

थेओक्लोस धापा टाकत जवळ आला. "काय म्हणत होता तो?"

"पत्ता विचारत होता."

"सांगितलास?"

"आला की दाखवीन," दामिस म्हणाला, आणि हातातली कुऱ्हाड न सोडता जहाजाच्या कडेला बसला.