पाठीमागचा लेक

पिठोरी अमावस्येला आई खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागं धरते, “अतीत कोण?” विचारते अन् पाठीशी उभ्या लेकरानं “मी” म्हणून ते घ्यायचं असतं. नांदुऱ्यातल्या साडीवाल्या शेठनं यंदा हाच मातृदिन दुकानात मांडला. ज्या बायांची लेकरं पुण्याला, त्यांच्या मागं नोकर सोपानला माइक देऊन उभं केलं. शेठनं पढवलेलं उत्तर तो दिवसभर ओरडला. सांजेला घसा बसवून घरी आला, तर त्याची आई झुंबरबाई उपाशीच पाटावर बसलेली. “तुहीच वाट पाहून राह्यली होती,” म्हणत तिनं ताट मागं धरलं. “अतीत कोण?” “मी तुमचा लाडका लेक! मातृदिनानिमित्त पैठणीवर घसघशीत सूट!” सवयीनं तोंडातून निघून गेलं. झुंबरबाईनं वळून न पाहता ताट पुढं ओढून घेतलं. “मले साडी नको, भाऊ. माह्या लेकाले घरी पाठवा.”