पाऊलभर मागे

चादरीची घडी पुन्हा वाकडी झाली. सुपरवायझरबाईंनी ती विस्कटून टेबलावर टाकली.

"तिसऱ्यांदा दाखवतेय. हिच्या डोक्यात काही शिरेल असं वाटत नाही मला."

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. अडतीस वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे. कुठलीही गोष्ट समजायला तिला वेळ लागायचा. आधीच्या दोन कामांवरून आठवड्याच्या आत घरी पाठवलं होतं; भावाने तर हात टेकले होते. हॉस्पिटलच्या धुलाई विभागातली ही तिसरी जागा, तीही तीन आठवड्यांच्या बोलीवर.

जॉब कोच ताई पुढे झाल्या. अशा माणसांना काम मिळवून द्यायचं आणि ते अंगवळणी पडेपर्यंत सोबत राहायचं, हीच त्यांची नोकरी.

"समोरून दाखवलं की उजवं-डावं उलटं दिसतं," त्या म्हणाल्या. "मला तिच्या शेजारी उभं राहू द्या."

ताई तिच्या शेजारी उभ्या राहून घड्या घालू लागल्या. एकेका घडीच्या त्यांनी पाच पायऱ्या पाडल्या. टोक, टोक, मध्य, हात फिरव, ठेव. धाकटीच्या हातातली चादर त्यांनी एकदाही ओढून घेतली नाही. चुकली तर थांबायच्या. ती स्वतःच उलगडायची, पुन्हा घालायची. दुसऱ्या आठवड्यात ताई एक पाऊल मागे सरकल्या. तिसऱ्यात थेट दाराशी जाऊन बसल्या. तिथून नुसतं बघत राहणं त्यांना फार जड जायचं. पण जागच्या हलल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी सुपरवायझरबाई निकाल सांगायला आल्या आणि तेवढ्यात मळक्या कपड्यांचा गाडा दारात कलंडला. ढीग ताईंच्या पायाशी. त्या चटकन उचलायला वाकल्या.

"ताई, थांबा!" धाकटी एवढ्याने ओरडली की मशीनवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "मळक्याला हात लावायचा नाही. आधी हातमोजे!"

शब्द ताईंचेच होते, सूरही त्यांचाच. धाकटीने हातमोजे चढवले, ताईंना बाजूला केलं आणि ढीग भराभर गाड्यात भरला.

सुपरवायझरबाईंनी हजेरीपटावर धाकटीचं नाव कायम कामगारांच्या रकान्यात लिहिलं. मग ताईंकडे झुकून हळूच म्हणाल्या, "परीक्षा छान घेतलीत हो! मुद्दाम वाकलात ना?"

"मुद्दाम कुठलं!" ताई ओशाळून हसल्या. "मी खरंच विसरले होते."