खऱ्या-खोट्याची शहानिशा

मुलीने फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली, वडिलांचा चष्मा पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"खरं की खोटं, एवढंच सांगा, बाबा. तुम्ही हो म्हटलं तरच मी जाणार."

परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाला परिचारिका हव्या होत्या, आणि त्या पाठवणारी एजन्सी याच शहरात होती. मुलगी अकरा वर्षं अतिदक्षता विभागात होती. एखाद्या रुग्णाची शीर सापडेनाशी झाली की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारायचे. अशा एजन्स्यांनी देशोधडीला लावलेल्या मुलींच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. पण पारखायला घरातच माणूस होता. वडिलांनी परीक्षा मंडळात तेहेतीस वर्षं कारकुनी केली होती, खोटा शिक्का ते हातभर अंतरावरून ओळखायचे.

"बघतो," वडील म्हणाले. "पण यात काहीतरी काळंबेरं आहे, असं माझं मन सांगतंय."

"अजून फाईल उघडलीसुद्धा नाहीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एजन्सीच्या ऑफिसात गेले. चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला, तीन खोल्या, खिडकीत वाळत चाललेली कुंडी. टेबलामागच्या बाईंनी न मागता परवाना काढून दाखवला. परिचारिकांकडून आम्ही एक पैसा घेत नाही, रुग्णालय देतं, असं सांगितलं. वडिलांनी परवाना उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पाटीवरचं नाव आणि यातलं नाव एक नाही," ते म्हणाले.

"गेल्या वर्षी बदललं, काका. सरकारी ऑफिसात नोंद आहे."

"ते मी बघतोच."

जिना उतरताना त्यांची पावलं हलकी पडत होती. घरी आल्या आल्या त्यांनी मुलीला सांगून टाकलं, "नावातच घोळ आहे. सोड हा नाद."

"नोंद बघून आलात?"

बघून आले नव्हते. मग जावं लागलं.

परवाने देणाऱ्या सरकारी ऑफिसात ते पावणेदोन तास बाकावर बसले. पंख्याखालची जागा दोनदा रिकामी झाली, तरी ते उठले नाहीत. शेवटी खिडकीपलीकडच्या कारकुनाने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान डोलावली. नाव बदलल्याचा आदेश होता. परवाना चालू होता. एकही तक्रार नव्हती.

"पुन्हा एकदा बघा."

कारकुनाने पुन्हा बघितलं.

"तारीख बरोबर आहे? सही कोणाची आहे?"

कारकून हसला. "काका, लोक इथे देव पाण्यात घालून येतात, खरं निघू दे म्हणून. तुमचं उलटंच दिसतंय. एकुलती एक का?"

"एकुलती एक," वडील म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

उरली एक परीक्षा. मुलीच्याच वॉर्डातली एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी याच एजन्सीतून गेली होती. रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने आपली खोली दाखवली, रुग्णालयाचं फाटक दाखवलं, पगाराची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली.

"तुला कोणी बाजूला बसून बोलायला लावत नाही ना, बाळा?" वडिलांनी विचारलं.

मैत्रिणीने हसत हसत फोन खोलीभर फिरवला. खोलीत एक पलंग होता, एक खुर्ची होती आणि दोरीवर मोजे वाळत होते.

कॉल संपला. मुलगी वडिलांच्या समोर येऊन बसली.

"आता?"

"सगळं ठीक दिसतंय," वडील हळूच म्हणाले. "पण तू जाऊ नयेस."

"का?"

ते टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिले. आई गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात संध्याकाळी दोनच कप चहा व्हायचा.

"एकट्याने राहायची भीती वाटते का तुम्हाला?"

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "हो."

मुलीने फाईल ओढून घेतली, तिची नाडी बांधली. डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता.

"मग नाही जात. एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं, बाबा. उगाच उन्हातान्हात फिरलात."

वडिलांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"उद्या कळवते त्यांना," मुलगी म्हणाली. "फक्त त्यांचं एक काम फुकट जाणार. मुलाखतीलाच कागद घेऊन ठेवले होते माझे. गेल्या सोमवारी तपासायला पाठवलेसुद्धा."

"कुठे?"

"तुमच्याच मंडळात. गुणपत्रिका मूळ रजिस्टरशी ताडून बघतात म्हणे."

"थांबवता येईल?"

"आता कसं थांबणार? उत्तर तर थेट आमच्या नर्सिंग कौन्सिलला आणि हॉस्पिटलला जातं. जाऊ दे ना, आपलं काय बिघडतंय? उलट तुमच्या हाताखालची माणसं आहेत, नाव वाचून ओळखतील."

ती उठून चहा ठेवायला आत गेली.

अकरा वर्षांपूर्वी तिची गुणपत्रिका वडिलांनी स्वतःच्या हाताने भरली होती. मूळ रजिस्टरात ती औषधशास्त्रात चार गुणांनी नापास होती.