मूळ कुणाच्या अंगणात

थोरली स्टुलावर चढून गुलाबाची फांदी तारेला बांधत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून परक्या बाईचा आवाज आला.

“किती फुललाय हो वेल! कोण करतं एवढं?”

“मीच बघते थोडंफार,” धाकट्या जावेचा आवाज म्हणाला.

थोरलीच्या हातातली सुतळी जागीच थांबली. थोडंफार बघते म्हणे! दुसऱ्याच्या जिवावर मिरवायचं, आणि तेही इतक्या गोड आवाजात!

वेल थोरलीने लावला होता, लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी. तेव्हा अंगण एकच होतं. पुढे दोघा भावांचं पटेनासं झालं आणि अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. हवेशीर खोल्या धाकट्यांकडे गेल्या, तेव्हा थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही. गुलाबाचं मूळ आपल्या बाजूला राहिलं, एवढ्यावर तिने बाकी सगळं सोडून दिलं. या घरात तिची म्हणावी अशी तीच एक गोष्ट होती.

पण गुलाबाला वाटणी कुठे कळते? ऊन पलीकडे, म्हणून फुलंही पलीकडे. थोरलीच्या वाट्याला पानं, काटे आणि चार-दोन चुकार फुलं. फांद्या भिंतीवरून इकडे झुकल्या की ती त्या पकडून तारेवर आडव्या बांधायची. आडव्या फांदीला पेरापेराला कळी धरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बुंध्याशी खत घालायची, आणि पाणी तर रोज दोन वेळा. वेल धाकटीच्या पाण्यावर जगतो असं उद्या कुणी म्हणायला नको.

ती परकी बाई निघून गेल्यावर थोरलीने भिंतीवरून डोकं काढलं.

“काय गं, मूळ कुणाच्या अंगणात आहे?”

धाकटीने वर पाहिलं.

“वेल तुम्हीच लावलाय, ताई. मी कुठे नाही म्हणते?”

“मग ‘मी बघते’ हे कुणाला सांगत होतीस?”

“बघतेच की थोडं.”

“वाळकी फुलं खुडणं म्हणजे बघणं नव्हे! आज करवत घेते आणि बुंध्यापासून कापून टाकते. मग बघत बस काय बघायचं ते.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. ते पाहून थोरलीला फार बरं वाटलं.

“कापू नका, ताई. हात जोडते.”

“जीव तुटतोय ना आता?”

“माझा नाही. तुमचा तुटेल.”

“मला दम देतेस?” म्हणत थोरली तरातरा स्टुलावरून उतरली.

थोरला पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. दोन जावांच्या मध्ये पडायचं नाही, हा नियम त्याने आजवर निष्ठेने पाळला होता. करवत घेऊन निघालेल्या बायकोला तो एवढंच म्हणाला, “विचार कर.”

“केला. भिंत बांधताना मला कुणी विचारलं होतं? तुम्ही दोघा भावांनी अंगण कापलंत, मी माझं झाड कापतेय. माझ्या हाताने आलं, माझ्याच हाताने जाईल. पण तिच्या दारात मिरवायला मी ते ठेवणार नाही!”

थोरल्याने दुसरा बूट हातात घेतला.

बुंधा मनगटाएवढा जाड. चांगला घाम निघेल असं तिला वाटलं होतं, पण करवत सरसर चालली. कोरडा भुसा भुरुभुरु पडला आणि बघता बघता बुंधा आरपार कापला गेला. धाकटीला हुंदका ऐकू जाईल, या धास्तीने ती रडली नाही. बादली घेऊन तिने उगाचच सगळं अंगण धुऊन काढलं.

मग ती वाट पाहू लागली. धाकटीची फुलं आता माना टाकतील, पलीकडे हळहळ सुरू होईल. ती ऐकायला थोरली रोज सकाळी चहाचा कप घेऊन भिंतीशी उभी राहायची.

पलीकडे काहीच झालं नाही. फुलं आपली टवटवीत. वेलही आपल्यासारखाच हट्टी निघाला, अशी समजूत घालून तिने आणखी काही दिवस दम धरला. आणि एका सकाळी तिच्याच बाजूच्या फांदीवर, तिने तारेला बांधलेल्या फांदीवर, कोवळी लालसर पालवी दिसली.

बुंधा कापलेला, आणि हिला पालवी!

थोरलीने ती फांदी धरली आणि कुठून आली ते चाचपत निघाली. काटे टोचले तरी हात सोडला नाही. फांदी खाली बुंध्याकडे गेलीच नाही. ती वर गेली. थोरली स्टुलावर चढली. फांदी भिंत ओलांडून पलीकडे उतरत होती आणि भिंतीच्या पायथ्याशी मातीत शिरत होती. कधीतरी वाकून जमिनीला टेकलेल्या फांदीने तिथे मूळ धरलं होतं, आणि आता तिथे चांगला हिरवा, भरलेला बुंधा होता. त्याच्याभोवती नीट आळं केलेलं होतं. धाकटी उकिडवी बसून त्यातलं तण काढत होती.

“कधीपासून?” थोरलीने स्टुलावरूनच विचारलं.

“तुमच्याकडचं मूळ कुजलं ना, त्या वर्षापासून,” धाकटी मान वर न करता म्हणाली. “पाणी फार झालं त्याला.”

“आणि तू बोलली नाहीस? एवढी वर्षं मी वाळक्या लाकडाला पाणी घालतेय, अन् तू गप्प?”

धाकटीने हाताची माती झटकली आणि वर पाहिलं.

“सांगितलं असतं, ताई, तर तुम्ही भिंतीकडे आला असतात का?”