अध्यक्षांचा संदेश

शाळेच्या वार्षिकांकात संस्थेचे अध्यक्ष डोमनलालजी यांचे फोटो सात, आणि दहावीच्या साठ पोरांचा मिळून एक. पहिल्या पानावरचा त्यांचा संदेशही कोणीतरी विद्यार्थीच लिहितो. यंदा दहावीत असलेल्या गुंजननं मागच्या वर्षी अंकाच्या कामात असताना पाहिलं होतं, डोमनलालजी तो वाचत नाहीत, फोनवर बोलता बोलता खाली सही ठोकतात. आणि सही दिसली की मुख्याध्यापकही पुढं वाचत नाहीत.

मुलींच्या संडासात दोन वर्षांपासून डोमनलालजींच्या नव्या घराच्या टाईल्स कुलपात होत्या. म्हणून मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नव्हत्या. कुलूप काढा म्हणून गुंजन तीनदा डोमनलालजींना सांगायला गेली. तिन्ही वेळा उत्तर एकच, "घरूनच जाऊन येत जा ना वं!"

यंदा संदेश लिहायचं काम गुंजनकडं आलं.

स्नेहसंमेलनात पालकांना अंक वाटून झाले आणि डोमनलालजींनी माईकवर आपला संदेश पहिल्यांदाच वाचला, "माझ्या टाईल्स मी आजच हलवतो आहे. मुलींचं स्वच्छतागृह आतापासून खुलं." वाक्य तोंडातून गेल्यावर ते अडखळले, पण तोवर बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता.

मंचामागे त्यांनी गुंजनला गाठलं. "कायले लिहिलं वं हे? मले बदनाम करून राहिली का?"

"मंग सांगा ना साहेब सगळ्यांले, तुमचा संदेश दहावीतली पोरगी लिहिते म्हणून. माईक चालू हाय अजून."