खालीचा हात

“अगं, नुसतं घोकून ताल येतो का कधी?” गाण्याच्या बाई फोनवर वैतागल्या. “हातावर धर. टाळीच्या मात्रेला टाळी वाजव, खालीच्या मात्रेला हात हवेत हलव. मध्यमा परीक्षेचा पेपर आहे, पोरखेळ नाही!”

बदलीच्या गावी ऑफिस सुटल्यावर हेमांगीशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून तीनताल धरू लागली. अख्ख्या आवर्तनात खाली एकदाच यायची, तेवढा तिचा हात हवेत जायचा.

एकदा तो तसा हलला आणि समोरच्या गॅलरीत एकटेच बसलेले आजोबाही हात हलवून हसले. तिनं मागं वळून पाहिलं; मागं कोण असणार? पुढच्या खालीची तर आजोबा वाटच पाहत होते. ओशाळून आत पळावं असं तिला वाटलं, पण पाय निघेना.

“तीनताल पक्का झाला ना?” पुढच्या फोनवर बाईंनी विचारलं. “आता झपताल घे.”

“नको बाई, एकताल घेते.”

“का गं? तो सोपा वाटतो?”

“नाही. त्यात खाली दोनदा येते.”