अक्काचा पाय

झुलाल हमाल ओट्यावर पालथा पडला आणि म्हणाला, "लाव अक्का, बेगी. जिनिंगमा गाडी उभी शे."

यशोदाअक्काने भिंतीला हात टेकून डावा पाय उचलला. अक्का पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आलेली. पायाळू माणसाने तीन वेळा पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे तापीकाठच्या चार गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात कापसाचा हंगाम. वेचणीवाल्यांच्या कमरा आणि हमालांच्या पाठी एकदमच बोलायला लागलेल्या. ओट्याखाली सात-आठ जण नंबर लावून बसले होते.

अक्काचा अंगठा पाठीला टेकला आणि तिथंच थबकला.

उसण भरलेली पाठ पायाला कळते. ती लाकडासारखी ताठलेली असते. नेमकी जागा सापडली की भला गडीही आईचं नाव घेतो. ही पाठ मऊ होती, घामाने थंडगार, आणि कुठंही दाबलं तरी झुलाल हूं की चूं करत नव्हता. दुखणं पार आत होतं.

"कव्हयपशी दुखस रे?"

"सकायपशी. कापूसनी गाठ लोटता लोटता उसन भरनी, बस."

"अन् हात?"

"डावा जड पडेल शे. जबडाबी ठणकस." त्याला दम लागला. "बठ्ठं त्या गाठनंच शे. लाव ना!"

त्याची बायको मंदाबाई खांबाला धरून उभी होती. "मी सकायपशी सांगी ऱ्हायनी, शिरपूरले चाल."

"अक्काना पाय शे ना गावमा, मंग दवाखाना कसाले?"

ही उसण नाही, असं अक्काने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. पण झुलाल म्हणजे पालथा घडा. "तुना पाय कधी वाया गया का?" तो म्हणाला, आणि खाली बसलेल्यांनी माना डोलावल्या. एरवी असं कोणी बोललं की अक्का मनातून फुगायची, खोटं कशाला बोला. आज तेच बोलणं त्याच्या जिवावर उठलं होतं. तिला उभं राहवेना, बसवेना. वेळ चालला होता.

तिने पाय खाली घेतला.

"मना पायना गुण गया," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दिवाळीपशी कोनलेच उतार नही. लाजेखातर मी सांगं नही."

"माले ते परवादिनच उतार..." एक म्हातारा सुरू झाला. अक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिशात बिडी चाचपू लागला.

झुलालने मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता. "खरं?"

"खरं. ऊठ. मंदा, हिलालनी पिकअप बलाव."

दोघांनी धरून त्याला गाडीत निजवलं. जाताना त्याने अक्काकडे पाहिलंसुद्धा नाही. पिकअप धुरळा उडवत शिरपूरच्या रस्त्याला लागली.

मग ओट्याखालची माणसं एकेक करून चपला शोधू लागली. गुणच नाही तर बसून काय करणार? शेवटी भिकुबाई उरली. कमरेत पार वाकलेली, दोन कोस चालत आलेली. तीही भिंत धरून उठली आणि पावलापावलाला कण्हत निघाली.

अक्काची सून कोकिळा दारातून कुजबुजली, "आत्याबाई, तिले तरी थांबाडा. घरमा ली जाईसन गुपचूप लावा."

अक्काची नजर रस्त्यावरच होती. धुरळा अजून बसला नव्हता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "भिकुनी कंबर सरळ व्हयनी ना, ते झुलाल अर्धा रस्तामाथून परत येई."